स्पंजाचे विष, माणसाचे औषध

शाळेची सहल अलिबागला गेली की ओहोटीच्या वेळी मुले चालत कुलाबा किल्ल्यात जातात. वाटेत शंख-शिंपले वेचतात, खेकड्यांमागे धावतात, खडपावरच्या डबक्यात अडकलेले लहान मासे बघतात. त्याच खडपाच्या कपारीत, सावलीच्या बाजूला, पुष्कळदा नारिंगी, पिवळट किंवा हिरवट रंगाचा एक मऊसर थर चिकटलेला असतो. तो हलत नाही. जवळ गेले तरी अंग चोरत नाही. बहुतेकांना ते शेवाळ वाटते. एखाद्या चौकस मुलाने 'हे काय आहे?' असे विचारलेच तर आपणही 'शेवाळासारखे काहीतरी' म्हणून पुढे जातो.

हा थर अनेकदा स्पंज असतो, म्हणजे चक्क प्राणी. पाठ्यपुस्तकात 'रंध्रीय प्राणीसंघ' या मथळ्याखाली आपण त्याच्याविषयी चार ओळी शिकवतो आणि पुढच्या संघाकडे वळतो. परंतु फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका स्पंजापासून सुरू झालेल्या संशोधनातून रक्ताच्या कर्करोगावरचे एक महत्त्वाचे औषध तयार झाले. रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचे 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे. तेथे येणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या उपचारातही या औषधाला स्थान आहे.

स्पंजाच्या शरीरात अशी रसायने का असतात? ती माणसाच्या उपयोगी कशी पडतात? आणि स्पंजात एखादे द्रव्य सापडणे व रुग्णाला औषध मिळणे यांत किती अंतर असते? या लेखात आपण या तीन प्रश्नांचा विचार करू. तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण 'समुद्री जिवात कर्करोगावर औषध सापडले' अशा बातम्या अधूनमधून येत असतात आणि विद्यार्थी त्यांविषयी विचारतात.

पाणी गाळणारा प्राणी

स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, चेतातंतू नाहीत. त्याच्या शरीरावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांना ऑस्टिया म्हणतात. या छिद्रांतून पाणी आत जाते, आतल्या नळ्यांच्या जाळ्यातून फिरते आणि ऑस्क्युलम नावाच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. आतल्या पोकळ्यांच्या भिंतीवर कॉलर पेशी असतात. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक तंतू असतो. असे लक्षावधी तंतू सतत हलत असतात, म्हणून पाण्याचा प्रवाह चालू राहतो. पाण्याबरोबर आलेले जिवाणू आणि सेंद्रिय कण या पेशी टिपून घेतात. तेच स्पंजाचे अन्न.

या गाळण्याचा वेग थक्क करणारा आहे. एक किलो वजनाचा स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो, असा अंदाज आहे. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर हे जवळजवळ अडीच टँकर पाणी झाले!

मऊ शरीराला आधार देण्यासाठी स्पंजात चुन्याच्या किंवा सिलिकेच्या सूक्ष्म सुया असतात. त्यांना कंटिका किंवा शूकिका म्हणतात. काही स्पंजांत स्पाँजिन या प्रथिनाचे तंतू असतात. अंघोळीचा नैसर्गिक स्पंज म्हणजे हाच तंतूंचा सांगाडा. ५० कोटींहून अधिक वर्षे हा प्राणिगट पृथ्वीवर टिकून आहे आणि आजवर त्याच्या ९,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. बहुतेक जाती समुद्रातल्या आहेत. थोड्या गोड्या पाण्यात राहतात.

पळता येत नाही, मग?

स्पंजाच्या अडचणी काय असतील, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मुले बरोबर उत्तरे देतात. त्याला पळता येत नाही. त्याला शिंपल्यासारखे कवच नाही, खेकड्यासारख्या नांग्या नाहीत. माशाने लचका तोडला तर तो काय करणार? शिवाय खडपावर जागेची मारामारी असते. एखाद्या होडीचा तळ काही महिने पाण्यात राहिला की त्यावर शेवाळ चढते, कालवे बसतात, हात कापणारी बार्नेकलची पांढरी कवचे चिकटतात. खडपावरही तेच घडते. मग स्पंजाच्या मऊ अंगावर ही मंडळी का बसत नाहीत? आणि जो प्राणी दिवसभर जिवाणूंनी भरलेले पाणी अंगातून खेळवतो, तो जिवाणूंच्या रोगाने सडून कसा जात नाही?

याचे उत्तर बहुतांशी रसायनशास्त्रात आहे. अनेक स्पंजांच्या शरीरात अशी संयुगे असतात की जी माशांना कडू किंवा विषारी लागतात, जिवाणूंची वाढ रोखतात, शेजाऱ्याच्या पेशींचे विभाजन थांबवतात किंवा अंगावर बसू पाहणाऱ्या अळ्यांना दूर ठेवतात. जी संयुगे सजीवाच्या पेशींवर असा काही परिणाम करतात त्यांना जैवक्रियाशील संयुगे म्हणतात. ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. रुईचा चीक, कडुनिंबाचा कडूपणा, मिरचीचा तिखटपणा हीसुद्धा जागचे न हलणाऱ्या सजीवांची रसायनेच आहेत.

या विषांचा फायदा घेणारेही आहेत. न्यूडिब्रँक नावाच्या, कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगाई स्पंज खातात. त्यांतल्या काही जाती स्पंजाचे विष पचवून नष्ट करत नाहीत, तर स्वतःच्या कातडीत साठवतात आणि त्याच विषाने माशांपासून बचाव करतात. १९७० च्या दशकात हवाई बेटांवर पॉल शॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका गोगलगाईच्या विषाचा माग काढला, तेव्हा तो ती खात असलेल्या स्पंजापर्यंत जाऊन पोचला.

रायगडच्या किनाऱ्यावर स्पंजाच्या रासायनिक कामाची एक खूण सहज हातात येऊ शकते. पुळणीवर पडलेले कालवाचे जाड, जुने शिंपले उचलून पाहा. काहींवर टाचणीने टोचल्यासारखी पुष्कळ भोके दिसतात आणि शिंपला आतून पोखरलेला असतो. अशी भोके पाडणाऱ्यांत क्लिओना हा स्पंज प्रमुख आहे. त्याच्या पेशी रासायनिक द्रव्ये सोडून चुन्याचा अतिसूक्ष्म तुकडा भोवतीने कोरतात आणि तो सुटा करून पाण्याबरोबर बाहेर टाकतात. दात नसलेला प्राणी शिंपला कसा पोखरतो, याचे हे उत्तर आहे.

फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात

आता औषधाच्या कथेकडे वळू. वर्नर बर्गमन हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ होते. समुद्री प्राण्यांतील स्निग्ध पदार्थांचा ते अभ्यास करत. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून १९४५ मध्ये गोळा केलेला, क्रिप्टोटेथिया क्रिप्टा या जातीचा स्पंज त्यांनी ॲसिटोनमध्ये उकळला, तेव्हा द्रावणातून सुबक स्फटिक खाली बसले. हा पदार्थ स्निग्ध नव्हता. बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५० च्या सुमारास त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते स्फटिक न्यूक्लिओसाइड गटातील होते. त्यांना स्पाँजोथायमिडिन आणि स्पाँजोयुरिडिन अशी नावे मिळाली.

न्यूक्लिओसाइड म्हणजे काय ते थोडक्यात आठवू. डीएनए आणि आरएनए या लांब साखळ्या आहेत. त्यांच्या प्रत्येक दुव्यात एक शर्करा, एक नत्रयुक्त बेस आणि एक फॉस्फेट गट असतो. त्यातला फॉस्फेट गट वगळला तर उरते ते न्यूक्लिओसाइड. आरएनएमधली शर्करा रायबोज असते, तर डीएनएमधली डीऑक्सिरायबोज. स्पंजातल्या या संयुगांत मात्र अरॅबिनोज ही तिसरीच शर्करा होती. रायबोज आणि अरॅबिनोज यांतला फरक फार लहान आहे. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच. फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकीत खालच्या बाजूला असतो, तर दुसरीत वरच्या बाजूला.

एवढ्याशा फरकाने काय होते? आगगाडीला एकेक डबा जोडत चालल्याची कल्पना करा. एक डबा असा आला की त्याची पुढची कडी बरोबर आहे, म्हणून तो गाडीला जोडला गेला. पण मागची कडी किंचित वाकडी आहे. आता पुढचा डबा नीट जोडता येत नाही आणि काम अडते. अरॅबिनोज असलेला दुवा डीएनएच्या साखळीत शिरला की असेच घडते. पेशीला विभाजनापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. नक्कल अडली की विभाजन अडते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभाजन करत असल्याने त्यांच्यावर हा आघात जास्त होतो.

हे सूत्र हाती आल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी अरॅबिनोजला निरनिराळे बेस जोडून पाहिले. १९५९ मध्ये प्रयोगशाळेत सायटोसिन अरॅबिनोसाइड तयार झाले. सायटॅराबिन हे त्याचे औषधाचे नाव. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याचेच भावंड असलेले व्हिडाराबिन हे हर्पिस विषाणूंविरुद्धचे औषध १९७६ मध्ये मान्य झाले. पुढे अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सायटॅराबिन हे स्पंजातून काढलेले औषध नाही. ते स्पंजात सापडलेही नव्हते. स्पंजाकडून मिळाली ती कल्पना: नेहमीची शर्करा बदलली तर डीएनएची नक्कल अडवता येते. स्फटिक मिळाल्यापासून औषध मान्य होईपर्यंत दोन दशके उलटली आणि या साऱ्या वाटचालीत समुद्रातून टनावारी स्पंज काढावे लागले नाहीत.

सहाशे किलो आणि साडेबारा मिलिग्रॅम

स्पंज काढावेच लागले असते तर काय झाले असते, हे दुसऱ्या उदाहरणावरून समजते. जपानच्या किनाऱ्यावर हॅलिकाँड्रिया ओकाडाई हा काळा स्पंज सापडतो. १९८५-८६ मध्ये हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी त्यातून हॅलिकाँड्रिन बी हे संयुग वेगळे केले. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म तंतू असतात. हे संयुग त्या तंतूंची वाढ रोखते. परीक्षानळीतल्या कर्करोगाच्या पेशींवर ते अत्यंत प्रभावी ठरले. पण ६०० किलो स्पंजातून ते मिळाले केवळ १२.५ मिलिग्रॅम.

याचे गणित मुलांकडून करून घ्यावे. ६०० किलो म्हणजे ६० कोटी मिलिग्रॅम. त्याला १२.५ ने भागले तर ४ कोटी ८० लाख येतात. म्हणजे ४ कोटी ८० लाख भाग स्पंजात एक भाग संयुग! एका रुग्णाला एका वेळी २ मिलिग्रॅम द्यावे लागते असे धरले, तर एका मात्रेसाठी जवळजवळ १०० किलो स्पंज हवा. उपचारात अशा अनेक मात्रा लागतात. न्यूझीलंडच्या समुद्रातल्या दुसऱ्या एका स्पंजातही हे संयुग सापडले. तिथेही एक टन स्पंजातून सुमारे ३०० मिलिग्रॅमच मिळाले. हजारो रुग्णांना पुरेल एवढे औषध काढायचे तर किनाऱ्यावरचा स्पंज संपून जाईल आणि औषधही संपेल.

मार्ग निघाला तो पुन्हा रसायनशाळेतच. १९९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांच्या गटाने हा गुंतागुंतीचा रेणू पूर्णपणे कृत्रिम रीतीने तयार केला. त्या कामात एक उपयुक्त गोष्ट कळली. रेणूची जवळजवळ अर्धी बाजूच खरे काम करते! मग एका जपानी औषध कंपनीने त्या अर्ध्या भागावर आधारित, थोडा सोपा रेणू घडवला. 'थोडा सोपा' म्हटले तरी तो तयार करायला साठाहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात. एरिब्युलिन या नावाने त्याला २०१० मध्ये, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी, अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे शोधापासून रुग्णापर्यंतचा प्रवास सुमारे २५ वर्षांचा झाला.

खरा कारागीर कोण?

हॅलिकाँड्रिया ओकाडाईची आणखी एक गंमत आहे. १९८१ मध्ये याच स्पंजातून ओकाडाइक आम्ल हे विषारी संयुग मिळाले. त्याचे नावही या स्पंजावरूनच पडले. पुढे लक्षात आले की ते स्पंज बनवतच नाही. प्रोरोसेंट्रम नावाचे एकपेशीय सजीव ते बनवतात आणि स्पंज पाणी गाळताना ते त्याच्या शरीरात जमा होते. शिंपल्यांतही ते असेच साठू शकते आणि असे शिंपले खाणाऱ्याला जुलाब होतात.

यातून मोठाच प्रश्न उभा राहिला. स्पंजातली इतर संयुगे तरी स्पंजाचीच कशावरून? काही स्पंजांच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग जिवाणूंचा असतो. स्पंजाच्या पेशींमधल्या जागेत ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २०१४ मध्ये यॉर्न पील आणि सहकाऱ्यांनी थिओनेला स्विनहोई या स्पंजाविषयी दाखवून दिले की त्यातली जवळजवळ सगळी ज्ञात जैवक्रियाशील संयुगे एंटोथिओनेला या एकाच गटातले जिवाणू तयार करतात. म्हणजे स्पंज घर देतो, अन्न देतो; जिवाणू संरक्षणाची रसायने देतात. सहजीवन शिकवताना आपण दगडफुलाचे उदाहरण नेहमी देतो. त्याच्या जोडीला हेही देता येईल.

याला व्यावहारिक महत्त्वही आहे. जिवाणूच खरा कारागीर असेल तर तो प्रयोगशाळेत वाढवून किंवा त्याची जनुके दुसऱ्या जिवाणूत घालून औषध बनवता येईल, अशी आशा आहे. काम अवघड आहे, कारण असे बहुतेक जिवाणू स्पंजाबाहेर वाढायला तयार होत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावरचे काम

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत समुद्री जिवांतील रसायनांचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या समन्वयाखाली 'समुद्रातून औषधे' हा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. त्यात देशाच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरचे समुद्री सजीव गोळा करून त्यांचे अर्क तपासण्यात आले.

असे काम कसे चालते? नमुन्याची जात निश्चित करतात. तो मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवून अर्क काढतात. अर्काची जिवाणू, विषाणू किंवा पेशींवर जैवचाचणी घेतात. परिणाम दिसला तर अर्काचे निरनिराळे भाग पाडून प्रत्येक भाग पुन्हा तपासतात. ज्या भागात परिणाम दिसतो त्याचे आणखी भाग पाडतात. असे करत शेवटी एकच शुद्ध संयुग उरते आणि मग त्याची रेणूरचना शोधून काढतात. हरवलेली वस्तू शोधताना आधी खोली, मग कपाट, मग खण असे आपण करतो, तसेच हे.

१९९८ मध्ये गोव्याच्या या संस्थेतील परमेश्वरन, नाईक, कामत आदी शास्त्रज्ञांनी हॅलिक्लोना क्रिब्रिक्युटिस या स्पंजातून रेनिएरामायसिन एच आणि आय ही दोन नवी संयुगे कळवली. हॅलिक्लोना ही प्रजाती आपल्या पश्चिम किनाऱ्याला परकी नाही. २००० मध्ये नरसिंह ठाकूर आणि ए. सी. अनिल यांनी इर्सिनिया रॅमोसा या स्पंजाच्या जिवाणूविरोधी गुणात त्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जिवाणूंचा वाटा किती, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठाकूर यांच्या गटाने पुढे गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या सिनाकिरेला या गोल स्पंजावरही काम केले. जागेसाठी शेजाऱ्याशी स्पर्धा सुरू झाली की स्पंजाच्या वागण्यात कोणते बदल होतात, हा त्यातला एक प्रश्न होता.

या शेवटच्या कामाचे महत्त्व रायगडकरांनी ओळखावे. त्यासाठी खोल समुद्रात बुडी मारावी लागली नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर ते झाले. अलिबाग, कोर्लई, मुरूड, हरिहरेश्वर या ठिकाणीही खडप आहेतच.

'क्रियाशील' म्हणजे औषध नव्हे

समुद्री स्पंजांतून आजवर हजारो संयुगे वेगळी केली गेली. त्यांतून प्रत्यक्ष औषधापर्यंत पोचलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. असे का, हे समजण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. त्यासाठी स्पंजाला हात लावण्याची गरज नाही.

तीन सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक पेला कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा बेकरीत वापरतात ते सुके यीस्ट घाला. पहिल्या बाटलीत आणखी काही घालू नका. दुसरीत एक चमचा दालचिनीची पूड घाला. तिसरीत चार-पाच चमचे मीठ घाला. तिन्ही बाटल्यांच्या तोंडाला फुगे लावा आणि तासाभराने फुगे किती फुगले ते मोजा. पहिला फुगा चांगला फुगेल. दुसरा आणि तिसरा बहुधा कमी फुगतील. दालचिनी निम्मी, पाव अशी कमी करत प्रयोग पुन्हा करा. ही एक साधी जैवचाचणीच झाली. पहिली बाटली का हवी, हेही मुलांना विचारावे.

आता खरा प्रश्न विचारा. मिठानेही यीस्ट थांबले; मग मीठ हे यीस्टच्या रोगावरचे औषध झाले का? मीठ जास्त झाले की कोणत्याही पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. यीस्टच्याही आणि आपल्याही. औषधाला निवड करता आली पाहिजे. रोगाच्या पेशीला मारणारी मात्रा रुग्णाला सोसली पाहिजे. ते रक्तात टिकले पाहिजे, योग्य ठिकाणी पोचले पाहिजे आणि पुरेसे तयार करता आले पाहिजे. परीक्षानळीत पेशी मारणारी बहुतेक संयुगे यांपैकी कुठल्यातरी पायरीवर अडखळतात. सायटॅराबिनसुद्धा अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींना इजा करते, म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिले जाते. 'समुद्री जिवाचा अर्क' असे लिहिलेली बाटली कोणी विकायला आणली, तर हा फुग्यांचा प्रयोग आठवावा.

खडप राखले तर

औषधासाठी स्पंज उपसावे लागत नाहीत. मग किनाऱ्याने काय जपायचे? अजून न अभ्यासलेले स्पंज, त्यांचे जिवाणू आणि ते ज्यात वाढतात ते पाणी. बर्गमन यांनी तो स्पंज गोळा करण्यापूर्वी ती जागा नष्ट झाली असती, तर अरॅबिनोजची ही कल्पना कदाचित फार उशिरा सुचली असती.

पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याला गढूळपणा आणि तेल यांचा त्रास सर्वांत आधी होतो. गाळ वाढला की छिद्रे बुजतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आले. अशा वेळी पुळणीवरचे तेल दिसते, ते काढलेही जाते. कपारीतल्या स्पंजाचे काय झाले, हे सांगायला आधीची नोंद लागते. ती नसेल तर नुकसानही मोजता येत नाही.

अशी नोंद शाळा करू शकते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती दीडला, तर ओहोटी पावणेआठच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते आणि खडप जास्तीत जास्त उघडे पडते. म्हणून हिवाळ्यातली अशी एखादी द्वितीयेची सकाळ निवडावी. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून पाहावी, स्थानिक कोळीबांधवांना विचारावे आणि पाणी वळायच्या आत परतावे.

स्पंज उपटू नयेत, हातही लावू नये; काहींच्या कंटिकांनी आणि रसायनांनी कातडीला खाज सुटते. उलटवलेले दगड पुन्हा पूर्ववत ठेवावेत. जागा, तारीख, रंग, अंदाजे आकार, ऊन की सावली आणि शेजारी कोण, एवढे वहीत लिहावे. शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. पाण्याखाली असलेल्या स्पंजाजवळ ड्रॉपरने खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडून धीराने पाहिले, तर कधीकधी रंगीत पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडताना दिसते. ज्याला आपण शेवाळ समजत होतो तो प्राणी आहे, हे मुलांना त्या क्षणी पटते.

नमुना गोळा करून त्यावर संशोधन करणे ही वेगळी गोष्ट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आपल्या जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग आणि परदेशी व्यक्ती किंवा संस्थांनी केलेला वापर यांवर नियम घातले आहेत. ते काम त्या त्या संस्थांवर सोडावे. शाळेने दरवर्षी त्याच खडपावर, त्याच महिन्यात जाऊन तीच नोंद करावी. पाच वर्षांनी त्या वहीत रायगडच्या किनाऱ्याविषयीची अशी माहिती जमा होईल की जी एखाद्या संशोधकालाही विचारावी लागेल.